सव्वा ग्रॅम धूळ

कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या कोर्टात मी एकतीस वर्षं बेलीफ आहे. आडनाव खोचरे. न्यायाधीश खुर्चीत बसून लिहितात, 'घराचा ताबा मालकास देण्यात यावा,' आणि जेवायला घरी जातात. त्या एका ओळीपायी कुणाची गादी, कुणाचं देवघर, कुणाची लोणच्याची बरणी रस्त्यावर येते आणि ती आणायला मी जातो. लोक शिव्या देतात. देऊ देत. नोकरीच्या पहिल्या वर्षी मला त्या शिव्या झोपू द्यायच्या नाहीत. आता उभ्या उभ्या ऐकतो आणि यादी लिहितो.

यादी हे आमचं खरं काम. ताबा घेताना भाडेकरूची जी जी जंगम वस्तू घरात असेल, म्हणजे उचलून नेता येईल अशी, ती दोन पंचांसमोर पंचनाम्यात लिहायची, मोठ्यानं वाचून दाखवायची आणि ज्याची त्याच्या हातात देऊन सही घ्यायची. मग घर रिकामं, मग मालकाला किल्ली, मग ताबा पावती. आमचे जुने नाझर, म्हणजे बेलिफांचे साहेब, म्हणायचे, "खोचरे, सुई राहिली तरी लिही. सुईसाठी माणूस वरच्या कोर्टात जातो." मी सुया लिहिल्यात, तुटके कंगवे लिहिलेत, एकदा पिंजऱ्यातला पोपट लिहिला आणि तो मला लिहिताना शिव्या देत होता.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे धूळवाचक आला. जेवणाच्या चार खणांच्या डब्याएवढं यंत्र, त्याला हत्तीच्या सोंडेसारखी नळी. ताबा झाल्यावर मालक आणि भाडेकरू भिंतींवरून, वाळवीवरून, ओलीवरून वर्षानुवर्षं भांडतात, ती भांडणं मिटावीत म्हणून ते आणलं. हेतू चांगला होता. मी नाही म्हणत नाही.

कंपनीची इंजिनियर आम्हाला शिकवायला आली होती, श्रेया जोगळे नावाची. पोरगी हुशार, बोलायला मोकळी.

"काका, माणूस घरात राहतो म्हणजे काय करतो?" तिनं मला विचारलं.

"झोपतो, खातो, बायकोची बोलणी खातो."

"झडतो!" ती म्हणाली. "दिवसभर आपल्या अंगावरून कातडीचा कोंडा पडत असतो, केस गळत असतात, बोलताना थुंकीचे बारीक कण उडत असतात. घरातली धूळ बरीचशी तीच असते. आणि त्या प्रत्येक कणात ज्याचा त्याचा डीएनए असतो. नुसता माणसाचा नाही, वाळवीचा, बुरशीचा, ढेकणाचा, रोगजंतूंचासुद्धा."

यंत्र काय करतं, तर नळीनं घरातल्या अंधाऱ्या सांदीकोपऱ्यांतली धूळ ओढून एका बोटभर नळकांड्यात जमवतं. त्यातले डीएनएचे तुकडे वेगळे करतं, एकेका तुकड्याच्या कोट्यवधी नकला काढतं, आणि त्या पोटातल्या यादीशी ताडून बघतं. औषधांचे, रसायनांचे अंशही त्याला ओळखू येतात. वीस मिनिटांत पडद्यावर उत्तर. वाळवी आहे, उंदीर आहेत, ओल आहे. इथपर्यंत झकास. पण यादी तिथं थांबत नव्हती. घरात किती माणसं राहिली, बायका किती, पुरुष किती, तंबाखू कोण खातं, औषधं कुठली घेतली, आजार कुठले झाले, सगळं ओळीनं यायचं.

"आणि कधी झाले तेही सांगतं का?" मी विचारलं.

"तेवढं नाही सांगता येत," ती म्हणाली. "उजेडात डीएनए लवकर मोडतो, पण पंख्याच्या पात्यावर, माळ्यावर, कपाटामागं दहा वर्षंसुद्धा टिकतो. जंतू मेलेला असला तरी त्याचा तुकडा सापडतोच. यंत्राला जिवंत आणि मेलेला यातला फरक कळत नाही."

म्हणजे खरकटं पातेलं बघून आत काय शिजलं होतं ते कळणार, पण जेवणारा कधी उठून गेला ते कळणार नाही. मी तसं म्हटल्यावर ती हसली आणि वहीत लिहून घेतलं. पुढं त्याचं काही झालं नाही.

झालं ते भलतंच. यंत्राचा अहवाल एक कोर्टात जायचा आणि एक थेट घरमालकाच्या फोनवर. गावातल्या घरमालकांनी 'घरपत्रिका' नावाचं ॲप काढलं आणि सगळे अहवाल त्यात टाकायला लागले. नवं घर मागायला गेलं की मालक नाव टाकून बघणार. पूर्वी लग्नाला पत्रिका बघत, आता दोन खोल्यांना बघायला लागले. गेल्या साली एका बँकेतल्या कारकुनाच्या घराचा ताबा मी घेतला. त्याच्या धुळीत मनाच्या आजाराच्या गोळ्या निघाल्या. चांगला माणूस होता, मला पाणी विचारलं होतं. त्याला गावात कुणी घर दिलं नाही आणि शेवटी तो बदली मागून निघून गेला. त्या पंचनाम्याखाली सही माझी आहे.

अशात माझ्याकडे चौगुल्यांचं वॉरंट आलं.

प्रशांत चौगुले खाली राहायचे, वरच्या दोन खोल्यांत सात वर्षं सारिका मगदूम. मुलाचं लग्न ठरलं म्हणून चौगुल्यांना वरचा मजला हवा होता. कोर्टाला गरज पटली, हुकूम झाला, मुदत संपली. यात कुणी कुणावर अन्याय केला असं मला वाटत नाही. सारिकाताईचा नवरा गुजरातेत बंदरावर क्रेन चालवतो, वर्षातून दोनदा येतो. ही घरी भाकऱ्या करून विकते. सकाळी दोनशे, संध्याकाळी दीडशे. दवाखान्यातल्या पेशंटांच्या नातेवाइकांपासून मामलेदार कचेरीपर्यंत अर्धं गाव तिच्या भाकरीवर जेवतं. माझाही डबा तिचाच.

आठ दिवस आधी तारीख सांगायला गेलो तर ती परातीसमोर बसून भाकरी थापत होती. तिनं पाट दिला.

"बसा की साहेब. पुढच्या बुधवारी ना? मला ठाऊक हाय. सामान बांधायला काढलंय मी. घर त्यांचं, पोराचं लग्न, आपण कशाला नाही म्हणायचं?"

"घर मिळालं का दुसरं?"

"मिळालं म्हणायचं. मळ्याकडं बिरनाळेकाकूंचं हाय. त्यांनी हो म्हटलंय, पण ताबा झाला की पत्रिका दाखवा म्हणाल्या, मग बघू." तिचा हात थांबला. "साहेब, ते यंत्र काय काय सांगतं ओ?"

मी सांगितलं. माणसं, तंबाखू, औषधं, आजार.

"जुना आजार? बरा झालेला?"

मला कळलं काय ते. "ताई, मला सांगू नका. माहीत नसलेलं बरं असतं."

पण तिला कुणाला तरी सांगायचं होतं. "टीबी झाला होता मला. तीन वर्षं झाली. सहा महिने गोळ्या घेतल्या, एक दिवस चुकवला नाही. त्या सहा महिन्यांत भाकऱ्या बंद ठेवल्या, माहेरी बाळंतपण हाय म्हणून सांगितलं सगळ्यांना. डॉक्टरांनी बरी म्हणून लिहून दिल्यावरच परातीला हात लावला. नवरा आणि डॉक्टर सोडून कुणाला ठाऊक नाही." तिनं डोळे पदरानं नाही, मनगटानं पुसले, कारण हाताला पीठ होतं. "आता यंत्रात लाल अक्षरात टीबी आला, तर माझी भाकरी कोण खाईल? आणि घर कोण देईल?"

मी तिची भाकरी तीन वर्षं खातोय. खरं सांगतो, एक क्षण मलासुद्धा ती भाकरी नको वाटली. मग माझीच लाज वाटली. मी शिकून आलेला माणूस, यंत्राला जिवंत-मेलेलं कळत नाही हे मला ठाऊक, आणि माझं हे असं. तर गावाचं काय होणार!

"ब्लीचनं सगळं घर पुसून काढू का?" तिनं विचारलं. "लोक म्हणतात त्यानं सगळं जातं."

"जातं. पण ब्लीचही यंत्राला दिसतं. मग ते 'पुरावा पुसला' असं लिहितं आणि लोक त्याहून वाईट काहीतरी धरून चालतात."

"म्हणजे इकडं आड, तिकडं विहीर."

मी निघालो तेव्हा तिनं चार भाकऱ्या बांधून दिल्या. पैसे घेतले नाहीत, म्हणून मीही त्या घेतल्या नाहीत. वॉरंटवाल्या घरातलं फुकट खायचं नाही, हा आमचा नियम. तिला वाटलं मी टीबीला भ्यालो. तिचा चेहरा पडला तो मला दिसला, आणि नियम समजावून सांगायला माझी जीभच रेटेना. दुसऱ्या दिवशी मुद्दाम कोर्टाच्या ओट्यावर सगळ्यांसमोर बसून तिचा डबा संपवला. तिला ते कळणार नव्हतं, पण मला बरं वाटलं.

बुधवारी अकरा वाजता पोचलो. पंच म्हणून कोपऱ्यावरच्या गिरणीचा भरमू आणि निवृत्त मास्तर कुंभोजकर. श्रेया यंत्र घेऊन आली होती. सारिकाताईचं सामान बोचकी बांधून तयार होतं, टेम्पो दारात होता. ती कुणाशी बोलत नव्हती. सारखी वर पंख्याकडे बघत होती.

नियम असा होता की सामान बाहेर, किल्ली मालकाला, ताबा पावती, आणि मग यंत्र. कारण ताबा झाला की घर मालकाचं, आणि घरातली धूळही मालकाची. त्यात बोलायला जागा नव्हती. मी आठ दिवस डोकं खाजवून बघितलं होतं. काही सुचलं नव्हतं.

एवढ्यात जिन्यावरून काठी आपटत गोदाआक्का आल्या. चौगुल्यांच्या आत्या, पंचाऐंशी वर्षांच्या, घरात शब्द त्यांचा चालतो.

"काय चाललंय रं पर्श्या? ती नळी कशाला?"

"आत्या, सारिका गेली की यंत्रानं घरातली धूळ काढायची. तपासायला."

"गेली की?" आक्कांनी काठी आपटली. "माणूस उंबऱ्याभायर पडला की लगीच केर काढायचा? अक्कल हाय का तुला? घरात नवी सून यायची हाय महिन्याभरात. जाणाऱ्याच्या पाठीवर केर काढत न्हाईत, लक्ष्मी निघून जाती त्याच्यामागनं. तुझ्या बापानं कधी काढला न्हाई."

"आत्या, हे झाडू नाही, यंत्र आहे."

"धूळ काढतंय नव्हं? मग झाडूच. ल्हान का मोठा."

चौगुले माझ्याकडे वळले. बिचारे घामाघूम झाले होते. "खोचरे, असं करा की. ती घरात आहे तोवर धूळ काढून घ्या, मग तिला जाऊ द्या. काय फरक पडतोय? वीस मिनिटांचा तर प्रश्न."

मी तोंड उघडलं, 'नियमात बसत नाही' असं म्हणायला. आणि डोक्यात काहीतरी खाटकन बसलं.

"चौगुलेसाहेब, तसं मला माझ्या मनानं करता येत नाही," मी म्हणालो. "तुमची विनंती असेल तर लेखी द्या. ताबा घेण्याआधी, घर भाडेकरूच्या ताब्यात असताना धूळ काढावी, म्हणून."

"द्या कागद," ते म्हणाले. त्यांना सुटका हवी होती. मी सांगितलं तसं त्यांनी लिहिलं, सही केली, भरमूनं आणि मास्तरांनी साक्षीदार म्हणून केली. आक्का म्हणाल्या, "आता कसं शाण्यासारखं वागलास."

यंत्र सुरू झालं. नळी पंख्याच्या पात्यांवरून फिरली, माळ्यावरून, खिडकीच्या खाचांतून, विजेच्या खोक्यांमागून, दाराच्या चौकटीवरून. दहा मिनिटं नुसतं घूं घूं. सारिकाताई भिंतीला टेकून उभी होती, ओठ पांढरे पडलेले. मग टिंग करून आवाज झाला.

"नमुना पुरेसा आहे," श्रेया म्हणाली. "आता वाचायला लावते."

"थांब," मी म्हणालो. "वजन किती?"

"कशाचं?"

"धुळीचं. तुझ्या पडद्यावर येतं ना?"

"एक पूर्णांक पंचवीस ग्रॅम. का?"

"म्हणजे सव्वा ग्रॅम." मी यादी उघडली. आतापर्यंत चाळीस वस्तू लिहून झाल्या होत्या, शेवटची 'पितळी परात, एक'. मी खाली लिहिलं आणि नाझरसाहेबांनी शिकवलं होतं तशा खणखणीत आवाजात वाचून दाखवलं. "अनुक्रमांक एक्केचाळीस. भाडेकरूच्या अंगावरून व वापरातून झडलेली धूळ, सव्वा ग्रॅम, नळकांड्यासह. ताबा देण्यापूर्वी भाडेकरूच्या कब्जात मिळून आली. जंगम मालमत्ता. भाडेकरूस परत."

मग चौगुले ओरडले, "अहो, काय चावटपणा आहे हा? धूळ काय वस्तू आहे का?"

"वजन आहे का तिला? आहे. उचलून नेता येते का? येते. घराच्या भिंतीला जडलेली आहे का? नाही, नळीनं ओढली तर आली. कुणाच्या कब्जात मिळाली, ते तुम्हीच आत्ता लिहून दिलंय. मी सुई सोडत नाही चौगुलेसाहेब, सव्वा ग्रॅम कसं सोडू?"

"श्रेया, तू वाच गं आधी, मग देऊ," चौगुले म्हणाले.

श्रेया माझ्याकडे बघत राहिली. तिच्या बोटाखाली बटण होतं. एवढंच दाबायचं होतं, आणि तिनं दाबलं असतं तर मी काही करू शकलो नसतो. सारिकाताईनं डोळे मिटून घेतले.

"पंचनाम्यात परत लिहिलंय काका?" श्रेयानं विचारलं.

"लिहिलंय. शाईनं."

"मग ही कोर्टाची पण नाही आणि कंपनीची पण नाही," ती म्हणाली आणि तिनं नळकांडं फिरवून बाहेर काढलं. मला त्या पोरीच्या पाया पडावंसं वाटलं.

भरमू गिरणीवाला इतका वेळ गप्प होता, तो बोलला, "बरोबर हाय. माझ्या गिरणीत पीठ उडतंय ते बी ज्याचं त्यालाच झाडून देतो मी."

"बरं, तिला जाऊ द्या, मग आपण दुसऱ्यांदा काढू," चौगुले म्हणाले.

"कशानं?" श्रेया म्हणाली. "सगळे कोपरे याच्यातच आले. आता उरलंय ते नमुन्याला पुरायचं नाही."

"आणि केर तर मी काढू द्यायची न्हाई," आक्का म्हणाल्या.

मी नळकांडं सारिकाताईच्या हातात दिलं आणि सही करायला पॅड पुढं केलं. तिची सही नेहमी ठसठशीत असते, त्या दिवशी वेडीवाकडी आली. ती उंबरा ओलांडून, जिना उतरून रस्त्यावर गेली. तिथं तिनं नळकांड्याचं बूच काढलं, ओंजळीत धूळ ओतली आणि जोरात फुंकर मारली. नदीकडून वारा होता. काही दिसलंसुद्धा नाही, सव्वा ग्रॅम ते काय दिसणार! ती टेम्पोच्या फाळक्याला धरून रडली, पण ते रडणं वेगळं होतं. ते ऐकून मी मास्तरांना उगाच तारीख विचारली.

चौगुल्यांनी तक्रार केली. करणारच. मला मेमो आला. 'आपण यंत्राच्या कामकाजात अडथळा का आणला याचा खुलासा करावा.' बायको म्हणाली, "नोकरीची दोन वर्षं राहिली होती, गप बसवत नव्हतं का?" त्या पंधरा दिवसांत मी चार किलो उतरलो. पेन्शन गेली तर काय, हा विचार एकीकडे, आणि न्यायाधीश मॅडमनी ते रिकामं झालेलं नळकांडं पुन्हा हजर करायला सांगितलं तर काय, हा एकीकडे. बिरनाळेबाईंनी सारिकाताईला किल्ली दिली होती, पण एका महिन्यापुरती. कोर्टाचं काय ते ठरू दे, म्हणाल्या होत्या.

आमच्या न्यायाधीश मॅडम तरुण आहेत, फार बोलत नाहीत. चौगुल्यांचे वकील अर्धा तास बोलले. भाडेकरूनं काय लपवलंय हे जाणून घ्यायचा मालकाला हक्क आहे, असं त्यांचं म्हणणं. मॅडमनी ऐकून घेतलं.

"वाळवी जाणून घ्यायचा हक्क आहे," त्या म्हणाल्या. "ओल जाणून घ्यायचा आहे. भाडेकरूच्या अंगात काय होतं, मनात काय होतं, हे घराच्या ताब्यात कुठं येतं, ते दाखवा."

वकिलांनी कागद चाळले.

"बेलीफ, हा अर्ज कुणाच्या हातचा?"

"मालकांच्या स्वतःच्या, मॅडम. दोन साक्षीदार आहेत."

"तुम्ही लिहायला सांगितलंत?"

खोटं बोलणं जमलं असतं. "लेखी द्या एवढं सांगितलं. शब्दही मीच सांगितले," मी म्हणालो. "मॅडम, यंत्राला जिवंत जंतू आणि मेलेला जंतू यातला फरक कळत नाही. मी त्याच्यावर सही करतो. एका माणसाचं नुकसान माझ्या सहीनं झालंय. दुसऱ्यांदा हात धजला नाही."

मॅडमनी श्रेयाला बोलावून तेच विचारलं. तिनं सांगितलं, फरक कळत नाही हे खरं, तारीख कळत नाही हेही खरं. मग मॅडमनी तिथंच हुकूम सांगितला. ताब्यापूर्वी भाडेकरूच्या कब्जात मिळालेली धूळ भाडेकरूची, ती परत देणं योग्यच. शिवाय वरच्या कोर्टाचा निर्णय येईपर्यंत या कोर्टाच्या पंचनाम्यात यंत्रानं घरापुरतंच बोलावं, म्हणजे वाळवी, बुरशी, ओल, ढेकूण, उंदीर. माणसांचा भाग कंपनीनं बंद करून द्यावा आणि आतापर्यंतचे अहवाल ॲपवरून काढवावेत. माझ्याबद्दल एक ओळ होती, 'बेलिफाने यापुढे अर्जदारास शब्द सांगू नयेत.' मेमो फाईलबंद झाला.

बाहेर पडलो तर चौगुले व्हरांड्यात उभे होते. मला वाटलं आता भांडणार. ते म्हणाले, "खोचरे, एक विचारू? ताबा झाल्यावर तुम्ही यंत्र लावता तेव्हा ते जुनंच सगळं दाखवतं ना? म्हणजे सात वर्षांपूर्वी वर आम्हीच राहत होतो..."

"पंख्याचं पातं पुसलं होतं का तेव्हा?"

"नाही हो."

"मग दिसलं असतं," मी म्हणालो. चौगुल्यांनी लग्नाचं आमंत्रण दिलं, आणि मी गेलो. मट्ठा उत्तम होता.

हुकमाची प्रत द्यायला मी शनिवारी मळ्याकडच्या घरी गेलो. खरं तर टपालानं पाठवता आली असती. बिरनाळेबाई पडवीत पावटे सोलत बसल्या होत्या. सत्तरीच्या, आडव्या बांध्याच्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. आत चुलीपाशी सारिकाताई भाकऱ्या करत होती. मी हुकूम वाचून दाखवला. सवयच ती.

"म्हणजे पत्रिका येणारच न्हाई?" बिरनाळेबाईंनी विचारलं.

"येणार नाही."

"कधीच?"

"कधीच नाही. धूळच उरली नाही."

त्यांनी चष्मा वर सरकवला, दोन शेंगा सोलल्या. "बरं. मग राहू दे तिला. भाकरी चांगली करती, आवाज नसतो, सकाळी अंगण झाडती. मला काय करायचंय पत्रिका."

सारिकाताई बाहेर आली. हाताला पीठ तसंच. मला वाटलं आता चहा विचारणार. ती बिरनाळेबाईंसमोर जमिनीवर बसली.

"काकू, तुम्हाला एक सांगायचंय. मला टीबी झाला होता. तीन वर्षांमागं. बरा झाला. डॉक्टरांचा कागद हाय माझ्याकडं."

मी डोक्याला हात लावला. एवढं सगळं रामायण ज्याच्यासाठी केलं ते हिनं दोन-चार वाक्यांत सांगून टाकलं! पण तिचा चेहरा बघितला आणि गप बसलो. ती घाबरलेली नव्हती. तिला कुणी विचारलं नव्हतं, कुठल्या पडद्यावर आलं नव्हतं, तिला वाटलं म्हणून ती सांगत होती.

बिरनाळेबाईंचे हात थांबले.

"गोळ्या पुऱ्या घेतल्यास?"

"सहा महिने. एक दिवस चुकवला नाही."

"मग झालं तर. जा, भाकरी करपतीया."

सारिकाताई आत धावली, भाकरी उलटली आणि परत येऊन तिथंच बसली. बिरनाळेबाईंनी पावट्यांची सुपली बाजूला ठेवली. चष्मा काढून मांडीवर ठेवला. माझ्याकडे एकदा बघितलं, मग तिच्याकडे, आणि आवाज अगदी खाली आणला.

"आता मी तुला एक सांगते," त्या म्हणाल्या. "कुणाला सांगितलं न्हाई आजवर. माझ्या पोरांनासुद्धा."

मी उठलो. आजवर मी घरात शिरलो की माणसं बाहेर पडत आली आहेत, त्या दिवशी मी बाहेर पडलो. पायांत चपला सरकवल्या, आणि जाताना पडवीचं दार हळूच ओढून घेतलं.